चौथ्या दिवसाचं पाणी

डोंगरपाडा,
ता. १२ मार्च १९५३

पंढरीदादूस,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्या भावाच्या पाया पडायचं असतं, ठाऊक हाय मला. आज नाय पडत. आज तुझं डोकं समोर असतं तर त्याच्यावर मी घागर फोडली असती.

काल कचेरीचा शिपाई आला नि आमच्या तळ्याच्या बांधावर कागद डकवून गेला. चौथी शिकलेली बाई गावात मी एकटीच, म्हणून सगळ्यांनी मलाच पुढं ढकललं. मी मोठ्यानं वाचलं. "डोंगरपाड्याच्या लोकांनी तळ्यावर पाणी सोडले, असा गुणाजी यांचा जबाब आहे. सबब तळे व मोरी खारपाड्याच्या ताब्यात द्यावी." माझा सासरा गुणाजी बाजूलाच उभा. कानानं कमी. मला विचारतो, "सूनबाय, काय लिवलंय?" काय सांगू मी त्याला? तुझं तळं तूच देऊन टाकलंस, असं सांगू?

जबाब तू लिहिलास. दावा तुमच्या खारपाड्याचा, तरी म्हातारा बोलला, दुसरा अर्जनवीस कशाला, आपल्या गोदाचा भाऊस हाय ना कल्याणला कचेरीच्या झाडाखाली. तू त्याला चहा पाजलास नि कागदावर अंगठा घेतलास.

अरे, तू नि मी लहानपणी त्याच खारपाड्याच्या पाटावर हंडा घेऊन बसायचो ना? खाडीकाठचं आपलं गाव, माझं माहेर, विहिरीला मिठाचं पाणी. शिमगा झाला की दर चौथ्या दिवशी वरून हाक यायची, "तळ्यावर पाणी सोडलं होऽऽ!" मोरीची फळी वर व्हायची नि पाणी पाटानं खाली यायचं. सोडलं म्हणजे वाहू दिलं. म्हातारा तेच बोलला असणार. तू काय लिहिलंस?

आज सकाळपासून खारपाड्याची वीस माणसं काठ्या घेऊन बांधावर बसलीत. त्यात आपला धाकटा भाऊ रघु सगळ्यांच्या पुढं. आमच्या बायकांना पाण्याला हात लावू देत नायत. माझी जाऊ मालन गेली, तर एकानं हंडा लाथाडला नि तिला केसाला धरून बांधावरून खाली ओढली. तिचा हात कोपरातून सुजलाय. रघु उभा राहून बघत होता. तिच्या हळदीला हाच रघु पंगतीत वाढत होता, दादूस.

लवकर लिही.

गोदा

---

कल्याण,
ता. १७ मार्च १९५३

गोदे,

तुझा राग पोचला. थोरल्या भावाला असं लिहितात का, हे विचारत नाही, कारण तू लहानपणापासून अशीच.

आता नीट ऐक. जबाबातला शब्द माझा नाही, गुणाजीबाबांचा आहे. ते म्हणाले, "आम्ही तळ्यावर पाणी सोडलं." मी तेच लिहिलं. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे तिचा हक्क टाकणं, हा अर्थ मराठीत मी आणलेला नाही. कचेरीत दावा ऐकणारे साहेब पुण्याकडचे. समोरच्या कागदावर जे होतं त्याचा त्यांनी सरळ अर्थ घेतला. त्यांचा काय दोष, आणि माझा तरी काय?

आणि एक विसरू नकोस. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या नवऱ्याने, काळुरामने, तळं आटलं म्हणून महिनाभर मोरी उघडली नाही. आपल्या खारपाड्यात हौसाबाईची दोन लेकरं डबक्याचं पाणी पिऊन आठ दिवसांत गेली. मी स्वतः त्यांना खाडीकाठी पुरलं. तेव्हा डोंगरपाड्यातून कुणी कागद वाचायला आलं नव्हतं. आता आई दारात बसून गोडं पाणी पिते आणि म्हणते, माझ्या पंढरीच्या लेखणीने आणलं. मला याची लाज वाटत नाही.

निकाल मान्य नसेल तर प्रांतसाहेबांकडे अर्ज करता येतो. कायद्यात वाट आहे. तेवढं मात्र कर, काळुरामला बांधावर जाऊ देऊ नकोस. त्याचं डोकं फिरलं की तो कुणाचा नसतो.

मालनला हळद लावा.

पंढरी

---

डोंगरपाडा,
ता. ३० मार्च

दादूस,

माझा सासरा मेला. आपल्या रघुनं मारला.

रघुला ठाण्याला नेलाय हे तुला कळलंच असेल. काय झालं ते माझ्याकडून ऐक, कारण मी दहा हातांवर उभी होते.

आमची गावातली विहीर गुरुवारी तळाला लागली. चिखल गाळून पोरांना पाजला. शुक्रवारी उन्हं चढायला म्हातारा उठला, काठी घेतली नि बोलला, मी जातो, मना कोण काय करनार. मी मागोमाग हंडा घेऊन गेले. बांधावर पोचला तो सरळ मोरीच्या तोंडात जाऊन बसला. पाठीनं मोरी अडवली. बोलला, "माजे बापानं बांधलेला बांध हाय. आमाला एक घागर द्या, नायतर पानी माज्या अंगावरून न्या."

ते हसले. मग शिव्या सुरू झाल्या. त्याला ऐकू येत नव्हत्या, तो आपला बसून. कुणीतरी ढेकूळ मारलं. त्याच्या कपाळातून रक्त आलं, तरी उठला नाय. मग रघु पहार घेऊन आला. फळी उचलायची लोखंडी पहार. "ऊठ थेरड्या," बोलला नि हाणली. म्हातारा आडवा झाला. पाण्यात पडला, पण जिवंत होता. हातावर जोर देऊन उठायला बघत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. नि रघुनं दुसऱ्यांदा हाणली, डोक्यात. नारळ फुटतो तसा आवाज आला, दादूस. पाटाचं पाणी लाल होऊन तुमच्या गावाकडं गेलं. त्या दिवशी खारपाड्यात कुणीतरी ते भरलं असेल.

ह्यांना कळलं तेव्हा हे शेतात होते. कोयता घेऊन धावले तोवर पोलीस आले होते. रघुला बेड्या घालून नेताना सगळ्यांदेखत हे ओरडले, "सुटून ये तू! ज्या दिवशी सुटशील त्या दिवशी तुला उभा चिरीन!" मी पायाला मिठी मारली. मला फरफटत नेलं बांधभर, मी सोडलं नाय. शेवटी बापाच्या प्रेतावर माझा हात ठेवून माझ्याकडून शपथ घेतली की कोर्ट त्याला शिक्षा देईल. हे बोलले, "देईल तर ठीक. नाय दिली तर मी देईन."

आमचं तळं तुझ्या एका ओळीनं गेलं. तू एका ओळीनं परत आण. म्हातारा काय बोलला होता ते प्रांताला लिहून दे. माझी दोन पोरं चिखल पितात, दादूस.

गोदा

---

कल्याण,
ता. ५ एप्रिल

गोदे,

तुझं पत्र वाचून दोन दिवस झाडाखाली गेलो नाही. गुणाजीबाबा भला माणूस. माझ्या लग्नात त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून मला बांधला होता.

पण गेलेला गेला. राहिलेल्याला वाचवायचं बघ. टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या एका वकिलांना भेटलो. ते म्हणतात, एकच फटका बसला, म्हातारा दगडावर पडून डोकं फुटलं, असं ठरलं तर पोरगा सुटेल. दुसरा फटका ठरला तर कठीण. डोंगरपाड्याच्या इतर साक्षी ते दुष्मनांच्या म्हणून उडवून लावतील. पण आरोपीची सख्खी बहीण कशी उडवायची? सगळं तुझ्या जिभेवर आलं आहे.

तू एकच फटका पाहिलास. त्यानंतर तू तोंडावर पदर घेतलास. एवढंच सांग. बायामाणसं तोंड फिरवतातच. कुणी शंका घेणार नाही.

आईने अन्न सोडलंय. शेंडेफळ आहे तिचं. मला म्हणते, गोदाच्या हातून माझ्या रघुला फास लागू देऊ नको. तूच सांग, मी तिला काय उत्तर देऊ?

जबाबाचं म्हणशील तर झालेला कागद आता माझ्या हातात नाही. मी काही लिहून दिलं तर माझी सनद जाईल, आणि खारपाड्याचं पाणीही जाईल. शब्द तो शब्द. तो बाबांचाच होता.

तुझा दादा

---

डोंगरपाडा,
ता. २१ एप्रिल

शब्द तो शब्द म्हणतोस?

म्हातारा कल्याणहून आला त्या दिवशी ओटीवर बसून मला काय बोलला ते सांगते. बोलला, "साहेबानं काय तरी विचारलं, मना ऐकाला नाय आलं. पंढरीनं मान हलवली, मंग मी पन हलवली. आपला पोरगा हाय, बरोबर सांगेल." तू माझ्यापासून हे लपवलंस. काय विचारलं होतं साहेबानं? कशाला मान हलवलीस?

इकडं रोज आग लागलीय. परवा आमच्या पोरांनी तुमच्या पाटावर रात्री घाव घातले, तर तुमच्यांनी आमची म्हैस कोयत्यानं मागच्या पायांत तोडली. दिवसभर ओरडत होती. शेवटी ह्यांनी तिच्या मानेवर कुऱ्हाड टाकली. काल आमच्यातल्या दगडूनं खारपाड्याच्या दोन झोपड्या पेटवल्या. एक बाई भाजली. कोण, ते ठाऊक नाय. हौसाबाई नसू दे रे देवा, तिचं आधीच सगळं गेलंय.

तुझी मागणी वाचली. एकच फटका. आता माझी मागणी ऐक. तू लिहून दे, साहेबानं काय विचारलं नि तू काय बोललास. खरं खरं. सहीनिशी. प्रांताकडं. आमचा अर्ज तिथं पडलाय, त्याला एक खरा कागद पायजे.

तू दे, मी देते. तू खरं लिही, मी एक बोलते. भावाबहिणीत असला सौदा होतो हे आपल्या बापाला वर कळलं तर तो दुसऱ्यांदा मरंल. मरू दे.

गोदा

---

कल्याण,
ता. १० मे

गोदे,

अक्षर वेडंवाकडं आलं आहे, सांभाळून घे. दारात बोटं सापडली. डाव्या हाताने लिहितो आहे, एका पानाला दोन दिवस लागले.

तू विचारलंस ते सांगतो. आतापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा म्हणाले होते, "आम्ही चौथ्या दिवशी तळ्यावर पाणी सोडलं, बापजाद्यांपासून." मी लिहिताना ‘चौथ्या दिवशी’ हे दोन शब्द गाळले. पहिल्यांदा नुसते राहून गेले असतील. वाचून पाहताना मात्र दिसलं. दिसलं, आणि मी तसंच ठेवलं. मग साहेबांनी कागद वर करून मला विचारलं, "सोडले म्हणजे कायमचे ना?" बाबा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मला हौसाबाईची पोरं दिसली. मोठ्याचं पोट असं फुगलं होतं की फडक्यात मावत नव्हतं. मी म्हणालो, "होय साहेब, कायमचे."

म्हणजे खोटं बोललो. साहेब चुकले नाहीत, बाबा चुकले नाहीत. मी एका होकाराने तळं फिरवलं, आणि त्या तळ्यात बाबा मेले.

हे सगळं मी प्रांतसाहेबांना लिहून दिलं आहे, परवाच. सनद जाईल. जाऊ दे. नाहीतरी हाताचं काय होईल सांगता येत नाही. गावात मला आता कुणी भाकरी विचारत नाही. गावाला एवढंच ठाऊक आहे की मी डोंगरपाड्याच्या बाजूने काहीतरी लिहून दिलं. आईला खरं काय ते माहीत नाही. तिला वाटतं, बहिणीच्या मायेने मी विरघळलो.

माझं मी केलं. आता तुझं तू कर. एकच.

पंढरी

---

डोंगरपाडा,
ता. १९ मे

दादूस,

दारात सापडली म्हणे! चार तारखेला हे डोंबिवलीच्या बाजाराला करवंदं घेऊन गेले. पाट्या रिकाम्या करून आले, पण उशिरा, नि सदऱ्याच्या बाहीवर शाई. मी तर शिसपेनीनं लिहिते, आमच्या घरात शाई कुठून येणार? मी विचारलं तर बोलले, "तुझ्या भावाला भेटलो. त्याच्या पेटीवर त्याचा हात ठेवला नि वर दगड घातला. तीन बोटं. जबाब लिहिलेला हात तो. आता खरं लिही बोललो, डाव्यानं." नि जेवायला बसले. मी भात वाढला. काय करणार होते? नंतर तो सदरा धुवायला घेतला, शाई काय गेली नाय.

तेव्हा मला हे सांग, तू खरं लिहिलंस ते माझ्यासाठी, म्हाताऱ्यासाठी, की दगडासाठी? नको सांगू. लिहिलंस एवढं बास झालं.

प्रांताचा हुकूम आलाय. पहिल्यासारखी वहिवाट. तळं आमच्या शिवेत, चौथा दिवस तुमचा, नि फळी उचलताना दोन्ही गावांचा एकेक माणूस. काल पहिली पाळी झाली. फौजदार उभा होता. आमच्याकडून हेच गेले, तुमच्याकडून हौसाबाईचा नवरा.  हाक कुणी घातली नाय. पाणी गेलं. माझी पोरं आज पोटभर पाणी प्यायली नि पोटभर खेळली.

ह्यांचा कोयता अजून उशाला असतो. म्हाताऱ्याचं नाव घेऊन रोज धार लावतात. 

तुला दिलेला शब्द माझ्या ध्यानात हाय. बोटांना एरंडाचं पान बांध.

गोदा

---

कल्याण,
ता. ११ सप्टेंबर

गोदाबाई,

चि. लिहीत नाही, सौ. लिहीत नाही. आमच्या लेखी तू आता कुणी नाहीस.

ठाण्याच्या कोर्टात भरल्या लोकांत तू पिंजऱ्यात उभी राहिलीस. वकिलाने विचारलं, किती फटके? मी मनात म्हणत होतो, एक, एक, एक. तू रघुकडे सरळ बघितलंस आणि म्हणालीस, "दोन. दुसरा तो उठत असताना." रघु "ताईऽ" म्हणून ओरडला. तुझी पापणी हलली नाही. आई तिथेच फरशीवर पडली, दात बसले. तिला आम्ही हातगाडीवर घालून कळव्याच्या नातेवाइकांकडे नेलं.

सात वर्षं सक्तमजुरी. रघु बावीस वर्षांचा आहे. सुटला असता तर पुढच्या महिन्यात त्याचा साखरपुडा होता.

मी माझी सनद घालवली, हात घालवला, गाव घालवलं. कशाच्या भरवशावर? "शब्द ध्यानात हाय" या तुझ्या ओळीच्या! केसाने गळा कापलास. मी गुणाजीबाबांना फसवलं, ते मी कबूल केलं. तू मला फसवलंस, ते तू कबूल करशील का?

आई उठता बसता तुला शाप देते. तिचा शाप लागू दे असं म्हणवत नाही, नको लागू दे असंही म्हणवत नाही.

पंढरी

---

डोंगरपाडा,
ता. १८ सप्टेंबर

दादूस,

कबूल करते. मी तुला फसवलं. मे महिन्यात तुला ते पत्र लिहिलं तेव्हाच मला ठाऊक होतं की मी दोन बोलणार.

आता कारण ऐक, नि मग काय वाटेल ते म्हण.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांखाली हे उभे होते ते तू बघितलंस. काखेत टॉवेलची गुंडाळी होती. तुला काय वाटलं, भाकरी होती? रघु सुटून त्या पायऱ्या उतरला असता, तर तिसऱ्या पायरीवर मेला असता. आयच्या डोळ्यांसमोर. मग हे फासावर गेले असते. माझी दोन पोरं बिनबापाची झाली असती, नि खारपाडा आमच्या पोरांना शोधत आला असता. मी पाच महिने रोज त्या कोयत्याला धार लागताना ऐकली, दादूस. बोलून बघितलं, रडून बघितलं, एकदा कोयता विहिरीत टाकला, तर ह्यांनी माझ्या पाठीवर काठी मोडली नि दुसरा आणला. ह्यांना थांबवणारी एकच गोष्ट होती. शिक्षा.

मी एक बोलले असते तर रघु सुटला असता. दोन बोलले म्हणून तो जिवंत हाय. तुरुंगात हाय, दगड फोडतोय, पण जिवंत. ह्या काळजीनं मी ते बोलले. पापणी हलली नाय म्हणतोस ते खरंय. हलली असती तर मी बोलूच शकले नसते.

नि दुसरं पण एक हाय, तेही सांगते, नायतर पुन्हा खोटं होईल. तो म्हातारा उठत होता. हातावर जोर देऊन. माझ्याकडं बघत. मला ते खोडून टाकता येत नव्हतं. तुझ्यासारखं दोन शब्द गाळायला मला जमलं नाय.

शिक्षा ऐकून हे पायऱ्यांपासून मागं फिरले. घरापर्यंत चालत आले, एवढ्या लांबून. घरी येऊन टॉवेल सोडला, कोयता पेंढा तोडायला गोठ्यात लावला. मग पहिल्यांदा बापासाठी रडले. सहा महिन्यांनी. मी जवळ गेले नाय. माझा पण भाऊ होता तिकडं.

सात वर्षांनी काय ते बघू. सात वर्षांत राग म्हातारा होतो की नाय मला ठाऊक नाय. पण सात वर्षं मिळाली.

आता माझं एक मागणं. सौदा नाय, मागणं. आयला ह्यातलं काय सांगू नको. टॉवेलचं नको सांगू, त्यानं ती भिऊन मरंल. नि जबाबाचं तर मुळीच नको. दोन शब्द तू मुद्दाम गाळलेस हे तिला कळलं, तर रघु तुरुंगात कुणामुळं गेला हे पण तिला कळंल. एक लेक आत हाय. दुसऱ्याच्या ताटात ती अजून भात वाढते ना? वाढू दे. मोडक्या हातानं जेवतोस, तुला कालवून पण देत असेल.

शाप मला देऊ दे. कुणाला तरी दिल्याशिवाय तिला झोप कशी लागंल? मी लांब हाय, मला ऐकू येत नाय.

तुझी
गोदा